अधिकारप्रदान

अधिकारप्रदान म्हणजे एखाद्या पदावरील व्यक्तीने आपल्याकडील कामाचा काही भाग, तो पार पाडण्यास लागणाऱ्या निर्णयाधिकारासह, हाताखालील व्यक्तीकडे किंवा गटाकडे सोपवणे होय. शासकीय मराठीत यासाठी प्रत्यायोजन ही संज्ञाही रूढ आहे. नुसते काम सांगणे आणि अधिकारप्रदान करणे यांत महत्त्वाचा भेद आहे. काम सांगताना काय करायचे आणि कसे करायचे हे दोन्ही वरिष्ठ ठरवतो. अधिकारप्रदानात काय साधायचे एवढेच वरिष्ठ सांगतो. ते कसे साधायचे याचा निर्णय काम करणाऱ्यावर सोपवलेला असतो. व्यवस्थापनशास्त्र, लोकप्रशासन, लष्करी विद्या आणि विधिशास्त्र या चारही क्षेत्रांत या संकल्पनेचा अभ्यास होतो.

संज्ञा आणि जवळच्या संकल्पना

मराठी व्यवहारात ही कल्पना नवी नाही. आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्यास देणारे कुलमुखत्यारपत्र आजही दस्तनोंदणीच्या कार्यालयात नित्य दिसते. मराठा राज्यात अष्टप्रधानांपैकी बहुतेकांना प्रसंगी लष्करी मोहिमेवर जावे लागे. त्यांच्या गैरहजेरीत दप्तराचे काम पाहण्यासाठी मुतालिक नेमला जाई. प्रधानाच्या नावाने तो कारभार करी, पद मात्र प्रधानाचेच राही.

अधिकारप्रदान आणि विकेंद्रीकरण हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु ते समानार्थी नाहीत. प्रदान केलेला अधिकार देणाऱ्याकडे मूळ स्वरूपात शिल्लक असतो आणि तो केव्हाही परत घेता येतो. विकेंद्रीकरणात सत्तेची रचनाच बदलते. भारतात ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींना संवैधानिक स्थान मिळाले. हे विकेंद्रीकरण होय. तथापि पंचायतींना प्रत्यक्ष कोणती कामे व किती अधिकार द्यावयाचे, हे त्याच दुरुस्तीने राज्य विधिमंडळांवर सोडले. त्यामुळे व्यवहारात पंचायती या दोन संकल्पनांच्या सीमेवर उभ्या राहिल्या आहेत, असे म्हणता येते.

सिद्धान्त

फ्रेंच खाण अभियंता आंरी फेयोल याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यवस्थापनाची १४ तत्त्वे मांडली. अधिकार आणि जबाबदारी यांची सांगड हे त्यांपैकी एक आहे. पाठ्यपुस्तकांत अधिकारप्रदानाचे तीन घटक सांगितले जातात: कर्तव्य, अधिकार आणि उत्तरदायित्व. यांपैकी पहिले दोन खाली सोपवता येतात. तिसऱ्याचे वैशिष्ट्य असे की, ते सोपवूनही सोपवणाऱ्याकडे उरते. शाखा व्यवस्थापकाने कर्जमंजुरीचे काम अधिकाऱ्याकडे दिले, तरी बुडीत कर्जाबद्दल मुख्य कार्यालय व्यवस्थापकालाही जाब विचारतेच. अधिकारप्रदानातील बहुतेक अडचणींचे मूळ या विषमतेत आहे. निर्णय दुसऱ्याचा आणि उत्तर आपले, ही स्थिती स्वीकारणे कोणत्याही प्रमुखाला सोपे जात नाही.

रॉबर्ट टॅननबाम आणि वॉरन श्मिट यांनी १९५८ मध्ये नेतृत्वाच्या पद्धतींची एक सलग पट्टी कल्पिली. तिच्या एका टोकाला निर्णय घेऊन तो केवळ जाहीर करणारा प्रमुख आहे, तर दुसऱ्या टोकाला मर्यादा आखून देऊन निर्णय गटावर सोडणारा प्रमुख आहे. या मांडणीचा उपयोग असा की, अधिकार 'दिला की नाही दिला' एवढ्यापुरता प्रश्न उरत नाही. कोणत्या कामात, कोणाला आणि किती, असा तो विचारावा लागतो. नवख्या माणसाला सूचना हव्या असतात. जाणत्या माणसाला त्याच सूचना अपमानास्पद वाटतात.

संकोचाची कारणे

स्वतः उत्तम काम करणाऱ्या व्यक्तीलाच बहुधा प्रमुखपदी बढती मिळते. उत्तम शिक्षक मुख्याध्यापक होतो, कुशल अभियंता प्रकल्पप्रमुख होतो. बढतीपूर्वी जे गुण उपयोगी पडले, तेच आता आड येतात. एखादे काम आपण दुसऱ्यापेक्षा लवकर आणि नेटके करू, हा त्याचा समज अनेकदा खराही असतो. एका कामापुरते पाहिले तर काम शिकवण्यापेक्षा स्वतः करणे स्वस्त पडते; शंभर कामांचा हिशोब केला की उलट दिसते. परंतु समोर असते ते नेहमी एकच काम. याशिवाय चूक होण्याची भीती, आपले महत्त्व कमी होईल ही शंका, आणि हाताखालच्या माणसाच्या कुवतीविषयी खरोखरचे अज्ञान, हीही कारणे आहेत. शेवटचे कारण स्वतःला पोसणारे असते: संधी दिली नाही म्हणून कुवत दिसत नाही, आणि कुवत दिसत नाही म्हणून संधी दिली जात नाही.

संकोच वरिष्ठाकडेच असतो असेही नाही. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांच्या १९७४ मधील एका गाजलेल्या लेखात खांद्यावरच्या माकडाचे रूपक येते. कनिष्ठ आपली अडचण घेऊन येतो, वरिष्ठ 'बघतो' म्हणतो, आणि त्या क्षणी अडचणीचे माकड कनिष्ठाच्या खांद्यावरून उडी मारून वरिष्ठाच्या खांद्यावर बसते. याला उलटे अधिकारप्रदान म्हणता येईल. भारतीय कार्यालयांत फाइल 'आदेशार्थ सादर' होत वर सरकत जाते, तेव्हा अनेकदा हेच घडत असते. ज्याला निर्णयाचा अधिकार आहे, तोच सुरक्षिततेसाठी तो वापरत नाही.

लष्करी परंपरा

या विषयावरील पद्धतशीर विचाराची एक मोठी परंपरा प्रशियाच्या सैन्यात निर्माण झाली. ऑक्टोबर १८०६ मध्ये येना व आउअरश्टेट येथे नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाचा दारुण पराभव केला. त्यानंतर शार्नहोर्स्ट, ग्नाइझेनाउ आदी सुधारकांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणावर भर दिला. १८५७ पासून सुमारे तीन दशके सेनामुख्यालयाचा प्रमुख असलेल्या हेल्मुट फॉन मोल्टके याने या विचाराला निश्चित रूप दिले. युद्ध एकदा सुरू झाल्यावर दूरच्या मुख्यालयातून प्रत्येक तुकडीला हुकूम देणे अशक्य असते. म्हणून आदेशात हेतू सांगावा, मार्ग सांगू नये, आणि परिस्थिती बदलल्यास हेतूला धरून स्वतंत्र निर्णय घेण्याची मुभा अधिकाऱ्यास असावी, अशी ही पद्धत होती. पुढे ती आउफट्राग्सटाक्टिक या नावाने ओळखली गेली.

तिची किंमतही प्रशियाला मोजावी लागली. ऑगस्ट १८७० मध्ये स्पिशरेन येथे मोल्टकेच्या योजनेत नसलेली लढाई त्याच्याच अधिकाऱ्यांनी सुरू केली. ती जिंकली गेली, परंतु पुष्कळ सैनिक गमावून. त्या मोहिमेतील एका सेनेचा प्रमुख जनरल श्टाइनमेट्स याला पुढे सेनापतिपदावरून दूर करण्यात आले. अधिकार देण्याची पद्धत मात्र रद्द झाली नाही. १८८८ च्या पायदळ नियमावलीतही ती कायम राहिली.

अलीकडच्या काळातील बहुचर्चित उदाहरण अमेरिकी नौदलातील आहे. १९९९ मध्ये डेव्हिड मार्केट यांच्याकडे 'सांता फे' या अण्वस्त्रधारी नसलेल्या, परंतु अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुडीचे नेतृत्व आले. त्यांचे प्रशिक्षण दुसऱ्याच पाणबुडीसाठी झाले होते. एका सरावात त्यांनी विद्युत मोटरच्या वेगाविषयी असा एक हुकूम दिला, जो त्या पाणबुडीवर पाळणे शक्यच नव्हते. तशी सोय त्या मोटरला नव्हती. अधिकाऱ्याला हे ठाऊक होते. तरीही त्याने हुकूम जसाच्या तसा पुढे दिला, कारण तो कप्तानाने दिलेला होता. यानंतर मार्केट यांनी परवानगी मागण्याची रीत बदलली. अधिकाऱ्याने 'मी अमुक करणार आहे' असे कारणांसह सांगायचे आणि कप्तानाने ते ऐकून संमती द्यायची. विचार करण्याचे काम त्यामुळे माहिती जिथे आहे तिथे गेले. हा अनुभव त्यांनी २०१२ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. अधिकार देण्याआधी कौशल्य आणि हेतूची स्पष्टता या दोन गोष्टी वाढवाव्या लागतात, हा त्यातील मुद्दा रूढ व्यवस्थापनग्रंथांत अनेकदा निसटतो.

राजाराम महाराजांच्या काळातील मराठा राज्य

महाराष्ट्राच्या इतिहासात अधिकारप्रदानाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत निकराचे उदाहरण १६८९ नंतरच्या दशकात सापडते. फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले आणि ११ मार्च रोजी औरंगजेबाने त्यांची हत्या करवली. रायगडास मोगली वेढा पडला होता. राजाराम महाराज तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते आणि राज्यकारभाराचा अनुभव त्यांना फारसा नव्हता. राजघराण्यातील सर्वांनी एकाच किल्ल्यावर राहू नये, राजाराम महाराजांनी बाहेर पडावे, हा निर्णय महाराणी येसूबाई यांच्या पुढाकाराने झाला. त्या स्वतः बाल शाहूसह गडावर राहिल्या. नोव्हेंबरमध्ये रायगड पडल्यावर त्या दोघांना मोगलांच्या कैदेत जावे लागले.

राजाराम महाराज प्रतापगड, पन्हाळा असे मुक्काम करीत अखेर दक्षिणेत जिंजीस पोहोचले. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंकलेला हा किल्ला आज तमिळनाडूत आहे. राजा तेथे आणि राज्याचा गाभा सह्याद्रीत, अशी स्थिती उत्पन्न झाली. मधला मुलूख मोगलांच्या हालचालींनी व्यापलेला होता. प्रत्येक बाबतीत जिंजीहून हुकूम मागवणे अशक्य होते.

महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत नीलकंठ बावडेकर अमात्य यांच्याकडे देण्यात आला. त्यांस 'हुकूमतपनाह' हा किताब मिळाला; सत्तेचा आश्रय असा त्याचा अर्थ होतो. किल्ल्यांची व्यवस्था, फौजेची जमवाजमव, रयतेची लावणी आणि सरदारांच्या नेमणुका यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार या किताबात सामावलेला होता. शंकराजी नारायण आणि परशुराम त्र्यंबक हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. राजाराम महाराजांबरोबर जिंजीस गेलेले प्रल्हाद निराजी यांच्यासाठी 'प्रतिनिधी' हे पद नव्याने निर्माण झाले. नावावरूनच त्याचे स्वरूप स्पष्ट होते. अष्टप्रधानांच्या जुन्या रचनेत नसलेली दोन स्थाने अशा रीतीने अवघ्या काही महिन्यांत उभी राहिली. ती एखाद्या योजनेतून आली नव्हती, निरुपायातून आली होती.

रणांगणावर हीच मोकळीक संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांना मिळाली. मोगली फौजा अवजड होत्या. त्यांच्याबरोबर तोफखाना, बाजार आणि मोठा लवाजमा असे. मराठी पथके हलकी होती आणि कोठे हल्ला करायचा हे त्यांचे सरदार जागेवर ठरवीत. डिसेंबर १६९२ मध्ये संताजींनी कावेरीपाक येथे अलीमर्दानखानाला पकडले आणि जिंजीचा वेढा काही काळ उठला. नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरी येथे कासिमखानाची फौज कोंडली गेली व तो तेथेच मरण पावला. जानेवारी १६९६ मध्ये बसवपट्टणजवळ हिंमतखान मारला गेला. औरंगजेबापुढची अडचण अशी होती की, पकडावे असे एकच मस्तक आता शिल्लक नव्हते. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राज्य संपेल, हा त्याचा हिशोब चुकला. जिंजीचा वेढा १६९० मध्ये सुरू झाला आणि किल्ला हाती येण्यास १६९८ साल उजाडले. तोवर राजाराम महाराज तेथून निसटले होते. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाल्यावरही महाराणी ताराबाईंच्या नेतृत्वाखाली लढा चालू राहिला. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला, तेव्हाही तो अपुराच होता.

या यशाची दुसरी बाजू इतिहासकारांनी तितक्याच आग्रहाने मांडली आहे. शिवाजी महाराजांचा कल सरदारांना रोख वेतन देण्याकडे होता. नवी वतने देणे त्यांनी शक्यतो टाळले होते. १६८९ नंतर खजिना रिकामा होता, आणि औरंगजेब मराठा वतनदारांना मनसबी देऊन फोडत होता. सरदारांना धरून ठेवण्यासाठी वतने आणि सरंजाम देण्यावाचून मार्ग उरला नाही. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद अशा टप्प्यांनी थेट दिल्ली काबीज केल्यावर मिळणाऱ्या इनामाचे वचन आहे. जिंजीत आश्रयाला असलेल्या राजाने दिल्लीपर्यंतचा मनसुबा लिहावा, यात धैर्य आहेच. परंतु जिंकणाऱ्याला जिंकलेल्या मुलखात वाटा, हे सूत्र एकदा मान्य झाल्यावर मागे घेणे कठीण होते. अठराव्या शतकातील मराठा सरदारांच्या स्वायत्ततेचे एक मूळ येथे शोधले जाते.

संताजींचा शेवट हेही त्याच व्यवस्थेचे एक अपयश मानावे लागते. त्यांची शिस्त कठोर होती, स्वभाव तापट होता. सेनापतिपदावरून त्यांच्यात आणि धनाजींत वैर वाढले आणि १६९६ मध्ये दोघांच्या फौजा एकमेकींशी लढल्या. राजाराम महाराजांशीही त्यांचे बिनसले. १६९७ मध्ये, आपल्याच बाजूच्या माणसांपासून पळत असताना, नागोजी माने यांच्याकडून ते मारले गेले. दोन समर्थ माणसांना पूर्ण मोकळीक दिली गेली, परंतु त्यांच्यातील तंटा मिटवू शकेल असे स्थान कोणाकडेही उरले नव्हते. सत्तेचा उगम असलेला राजा वेढ्यात होता आणि दोघांपैकी प्रत्येकाची त्याला गरज होती.

पुढे १७१५ च्या सुमारास कोल्हापूरकर संभाजी महाराजांसाठी लिहिल्या गेलेल्या 'आज्ञापत्र' या राजनीतिपर ग्रंथाचे कर्तृत्व रामचंद्रपंतांकडे दिले जाते. त्यात वतनदारांविषयी तीव्र सावधगिरीचा सूर आहे. वतनदार हे राज्यातील लहान राजेच होत, त्यांना दुखवू नये आणि मोकळेही सोडू नये, असा त्याचा आशय आहे. ज्यांच्या हातून निरुपायाने वतने दिली गेली, त्यांच्याच नावाशी हा इशारा जोडलेला असल्याने त्याला वेगळे वजन प्राप्त होते.

एसएलव्ही-३ प्रकल्प

उत्तरदायित्व सोपवता येत नाही, या तत्त्वाचे आधुनिक भारतातील ठळक उदाहरण म्हणून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या एसएलव्ही-३ प्रकल्पाचा उल्लेख केला जातो. सतीश धवन संस्थेचे अध्यक्ष होते आणि ए. पी. जे. अब्दुल कलाम प्रकल्प संचालक. १० ऑगस्ट १९७९ रोजीचे पहिले उड्डाण फसले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाला आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. कलाम यांनी अनेक व्याख्यानांत सांगितल्यानुसार, संगणकाने उलटगणती थांबवली असताना तज्ज्ञांच्या सल्ल्याने पुढे जाण्याचा निर्णय त्यांचा होता. पत्रकारांसमोर मात्र धवन गेले आणि अपयश संस्थेचे व आपले असल्याचे त्यांनी सांगितले. १८ जुलै १९८० रोजी त्याच यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा पत्रकार परिषद घेण्यास धवन यांनी कलामांना पुढे केले.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा मनाचा मोठेपणा म्हणून होते. त्यातील व्यवस्थापकीय भाग तितकाच महत्त्वाचा आहे. पहिल्या अपयशानंतर प्रकल्प संचालक बदलला गेला नाही, आणि अकरा महिन्यांनी तोच संघ पुन्हा प्रक्षेपणमंचावर उभा होता. बिघाडाचा शोध घेणारी माणसेही तीच होती, ज्यांना यानाची सर्वाधिक माहिती होती.

कायद्यातील मर्यादा

विधिशास्त्रात एक जुने लॅटिन सूत्र प्रसिद्ध आहे: ज्याला अधिकार दुसऱ्याकडून मिळाला आहे, त्याला तो परवानगीवाचून तिसऱ्याकडे सोपवता येत नाही. कायद्याने एखाद्या विशिष्ट अधिकाऱ्यावर निर्णयाचे काम टाकले असेल, तर त्याने स्वतः विचार करूनच निर्णय द्यावा लागतो. दुसऱ्याच्या निर्णयावर केवळ सही केली असल्यास तो आदेश न्यायालयात टिकत नाही. १९५१ मध्ये दिल्ली कायद्यांविषयीच्या संदर्भप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाच्या बाबतीतही अशीच सीमा आखली. तपशिलाचे नियम करण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाला देता येतो, परंतु धोरण ठरवण्याचे मूलभूत वैधानिक कार्य विधिमंडळाला दुसऱ्याकडे देता येत नाही.

मंत्र्यांच्या नावाने अधिकारी जे असंख्य निर्णय घेतात, ते या सूत्रात कसे बसतात, हा प्रश्न इंग्लंडमध्ये १९४३ च्या कार्लटोना खटल्यात उपस्थित झाला. खात्यातील अधिकाऱ्याचा निर्णय हा मंत्र्याचाच निर्णय होय, त्यात अधिकारप्रदान झालेलेच नाही, असे न्यायालयाने ठरवले. संसदेला उत्तर देणारा मंत्रीच राहतो. भारतातही राज्यघटनेच्या १६६ व्या अनुच्छेदाखाली राज्यपाल शासनाच्या कामकाजाचे नियम करतात आणि मंत्र्यांमध्ये कामाची विभागणी होते. त्या नियमांनुसार सचिवस्तरावर झालेले निर्णय शासनाचे निर्णय मानले जातात. मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी, राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने, या ओळीखाली उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही असते, ती याच तरतुदीमुळे.